कोपऱ्यातला पहिला

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसायचं कारणही नाही. माझ्या बोलण्यावर माझ्या आईचा विश्वास नव्हता, बायकोचा नाही, आणि दाढी करताना समोर आरशात दिसतो त्या म्हाताऱ्याचा तर मुळीच नाही. पण थाप मारायलासुद्धा माणसाकडे थोडं खरं भांडवल लागतं, आणि माझं सगळं भांडवल या एका गोष्टीत अडकलेलं आहे.

निमित्त झालं ताईच्या सुनेचं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिची सून ही आमच्या गोतावळ्यात मला मनापासून आवडणारी एकुलती एक व्यक्ती, कारण तिला बिघडलेली यंत्रं आवडतात आणि मी तसलंच एक आहे. मी ताईकडे गेलो तेव्हा जेवणाच्या टेबलावर ताटांच्या जागी एक जुना ॲम्प्लिफायर पोट फाडून पडला होता आणि सूनबाई एका नव्या कोऱ्या खोक्याचं झाकण उघडत होती. आत काळ्या स्पंजमध्ये ट्रान्झिस्टर रांगेने खोचलेले. ट्रान्झिस्टर म्हटलं की माझ्या वयाच्या लोकांना खिशातला रेडिओ आठवतो. हा तो नव्हे. हा ॲम्प्लिफायरच्या पोटातला हमाल. बदामाच्या आकाराचा जाड पत्रा, त्यावर धातूची टोपी, खाली दोन बारीक पाय. आवाजाचं सगळं ओझं हा उचलतो आणि कौतुक मात्र स्पीकरचं होतं.

"निम्म्या किमतीत मिळाले, मामा," सूनबाई म्हणाली. "म्हणून एक फोडून बघते. आत खरा माल आहे की नाही ते कळेल."

शाबासकी द्यायला मी तोंड उघडलं, तोच तिची दोन बोटं खोक्याच्या उजव्या कोपऱ्यातल्या पहिल्या ट्रान्झिस्टरकडे गेली.

"कोपऱ्यातला नको!" मी असा ओरडलो की खिडकीशी वाटाणे सोलत बसलेल्या ताईच्या हातातली शेंग उडाली.

"काय हो मामा! विंचू आहे का तिथे?"

"विंचू परवडला. तो निदान चावला की लगेच कळतं."

"झालं याचं सुरू," ताई म्हणाली.

ताईचा आवाज घोगरा आहे. घोगरा म्हणजे नुसता बसलेला नव्हे. जुनं कापड टराटरा फाडावं तसा. सून या घरात आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिला मी सांगून टाकलं होतं, की तुझी सासू लहानपणी फार थंड पाणी प्यायची, त्याचा हा परिणाम. ताईने तेव्हा माझ्याकडे एक नजर टाकली होती. आताही टाकली, आणि पुन्हा वाटाण्यांत डोकं घातलं.

"मग मधला फोडू?" सून म्हणाली.

"मधला फोड, मागचा फोड, डोळे मिटून हाताला येईल तो फोड. पण आधी ऐक."

तर ऐका.

आमचं दुकान दोन भावांचं. दुकान कसलं, दोन भिंतींमधली फट. दादा पुढे बसायचा, मी मागे, आणि दोघांपैकी एकाला उठायचं असलं तर दुसऱ्याने श्वास आत घ्यायचा. ॲम्प्लिफायर, रेडिओ, सभेचे कर्णे, आवाज करणारं काहीही आम्ही दुरुस्त करत होतो. हात दोघांचेही बरे होते, पण दादाचं खरं नाव झालं ते त्याच्या संशयामुळे. दादा कशावरही विश्वास ठेवायचा नाही. पाऊस पडताना खिडकीतून हात बाहेर काढून खात्री करून घ्यायचा.

आणि आमच्या धंद्यात तसंच हवं. बाजारात नकली माल इतका, की खरा माल लाजून कोपऱ्यात बसायचा. भंगारातून काढलेला फुटकळ ट्रान्झिस्टर घ्यायचा, त्याच्यावरचं नाव खरवडायचं, नवं भारी नाव छापायचं, की झाला राजा. दादाकडे त्यावर उतारे होते. ताईची नखांचा रंग काढायची बाटली आमच्या दुकानात असायची. बोळ्याने घासल्यावर नाव पुसलं गेलं की माल परत. खरं नाव असं पुसलं जात नाही. मग वजन. खरा हाताला लागतो. मग पायांची चमक. एकदा सोल्डरने, म्हणजे वितळलेल्या कथिलाने, जोडून काढलेले पाय लपत नाहीत. आणि एवढं सगळं पार पडलं, तरी दादाचा शेवटचा न्याय असायचा तो कानशीचा. प्रत्येक खोक्यातला एक ट्रान्झिस्टर बळी द्यायचा. तो व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या लोखंडी शिकंज्यात, आवळायचा, टोपीची कड कानशीने घासायची आणि टोपी उचलून आत बघायचं.

"आत काय असतं ते या पोरीला माहीत आहे," मी सुनेकडे बघून म्हणालो. "पण सासूला सांग."

"खऱ्यात नखाएवढी चकती असते," सून म्हणाली. "नकलीत मोहरीएवढी."

"मोहरीएवढी! बाहेरून दोघेही पैलवान. एकाच्या आत खरंच पैलवान, दुसऱ्याच्या आत चिमणी. आणि यातली भीतीची गोष्ट सांगू? चिमणीही गाते. नकली ट्रान्झिस्टर बसवल्या बसवल्या मेला असता, तर कुणाचंच नुकसान झालं नसतं. तो दुकानात छान वाजतो. हळू आवाजात तर खऱ्याहून गोड. तो मान टाकतो ऐन वेळी, पूर्ण ओझं पडल्यावर. जिथे तू नसतेस तिथे."

सुनेने खोक्यावरून हात काढून घेतला.

आता दादाची एक खोड. खोकं कुठलंही असो, बळीचा मान उजव्या कोपऱ्यातल्या पहिल्याचा. का, म्हणाल तर काही कारण नाही. उजवा हात तिथे जायचा. आणि हे तो मिरवायचा. "एक फोडल्याशिवाय मी खोकं उचलत नाही," हे त्याने बाजारातल्या प्रत्येक दुकानात इतक्या वेळा ऐकवलं होतं, की दादा गल्लीत शिरला की दुकानदार आपणहून व्हाइस पुसून ठेवायचे. एका दुकानातल्या मांजराने तर सवयीने उजव्या कोपऱ्यातला ट्रान्झिस्टर पंजाने पुढे सरकवलेला मी स्वतः पाहिला आहे.

"मांजराने," सून म्हणाली.

"काळ्या मांजराने. तुला पुढचं ऐकायचंय की नाही?"

त्या बाजारात एक जण होता, त्याला सगळे गोडबोल्या म्हणत. खडीसाखर विकायची सोडून हा सुटे भाग का विकतो, असं वाटावं इतका गोड. आम्ही त्याच्याकडे गेलो ते खाणीच्या कामासाठी. डोंगरापलीकडे काळ्या दगडाची खाण होती, तिथला भोंग्याचा ॲम्प्लिफायर जळला होता, आणि त्यात घालायला भारी ट्रान्झिस्टर हवे होते. गोडबोल्याच्या टेबलावर खोकं आडवं पडलेलं होतं. त्याने ते उचललं, त्यावर फुंकर मारली, अलगद गोल फिरवलं आणि बरोब्बर दादाच्या उजव्या हातापाशी कोपरा येईल असं ठेवलं.

"घ्या, फोडा," तो म्हणाला. "तुम्ही फोडल्याशिवाय मलासुद्धा चैन पडत नाही बघा."

मला तर त्या फिरवण्याचं कौतुकच वाटलं. किती अदबीने ठेवलं, म्हटलं. दादाने कोपऱ्यातला पहिला उचलला, व्हाइसमध्ये धरला, कानस चालवली. टोपी उडाली. आत नखाएवढी चकती, आरशासारखी लख्ख.

"अस्सल," दादा म्हणाला, आणि आम्ही खोकं घेऊन आलो.

आता खाणीचं सांगायला हवं, कारण भीती सगळी तिथे आहे.

खाण म्हणजे जमिनीची एक प्रचंड दाढ उपटल्यावर राहिलेला खड्डा. कडेला उभं राहून खाली पाहिलं की माणसं मुंग्यांएवढी दिसायची. तळाशी दगडाला भोकं पाडायच्या यंत्रावर भावोजी असायचे. भावोजी म्हणजे या आमच्या ताईचे यजमान. दुपारी सुरुंग उडायचा. तो उडवणारा सुरुंगवाला बसायचा पार पलीकडच्या अंगाला, दगडी आडोशाच्या आत, कानांत बोळे घालून. त्याला तळ दिसायचा नाही आणि आवाज यायचा नाही. त्याच्यापुढे एक बटण. बटण दाबलं की अलीकडे फाटकाजवळच्या खोलीत ॲम्प्लिफायर चालायचा आणि खाणीच्या कडेने लावलेले कर्णे कोकलायचे. असे तीन भोंगे द्यायचे, मध्ये माणसं वर यायला वेळ सोडायचा, आणि मग चौथ्यांदा भोंगा नाही, सुरुंगच.

आणि भोंगा वाजला हे सुरुंगवाल्याला कसं कळायचं? बटणावर एक लाल दिवा होता. दाबलं की लागायचा, आणि त्याच्या जोडीचा एक ॲम्प्लिफायरच्या खोलीतही लागायचा. दिवा लागला म्हणजे भोंगा वाजला, असं तो धरून चालायचा. आणि खालची माणसं धरून चालायची ते याच्या नेमकं उलटं. खालच्या माणसांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवत: भोंगा नाही तर सुरुंग नाही. तोवर बिनघोर जेवा, सावलीला पाय पसरा.

समजलं का सूनबाई? वरच्याचा दिव्यावर विश्वास, खालच्यांचा शांततेवर, आणि मध्ये आमचे ट्रान्झिस्टर.

आम्ही ॲम्प्लिफायर जोडला. दुकानात लावून पाहिला. पूर्ण आवाजात लावला असता तर गल्लीतल्या लोकांनी आम्हाला लावलं असतं, म्हणून बेताबेताने लावला. एक गाणं अख्खं ऐकलं. असा गायला, की समोरचा शिंपी कात्री ठेवून दारात आला. सकाळी खाणीची जीप येऊन यंत्र घेऊन गेली. खोक्यात दोन ट्रान्झिस्टर उरले होते, त्यातला एक मी बिलांवर वजन म्हणून ठेवला.

दुपारी ताई डबा घेऊन आली. तेव्हा ती आमच्या दोघांचा डबा आणायची आणि डब्याबरोबर बोलणी फुकट. ती फळीवर टेकली, मी उकडतंय म्हणून टेबलफॅन लावला, आणि बघतो तर बिलं उडाली. बिलं उडाली त्याचं काही नाही. बिलांवरचा ट्रान्झिस्टर उडाला.

"पंख्याच्या वाऱ्याने? ट्रान्झिस्टर?" सून म्हणाली.

"बरं, घरंगळला म्हण. पण कागदाबरोबर घरंगळला. खरा असता तर कागद धरून बसला असता."

तो पडला दादाच्या खुर्चीखाली. दादा वळला, खुर्चीचा पाय टोपीवर आला आणि कट्ट असा आवाज झाला. दादाने तो उचलला. टोपी एका कडेने उचकटली होती. त्याने नखाने ती मागे केली आणि आत पाहिलं.

माणसाच्या तोंडावरचा रंग जातो म्हणतात. मी तो जाताना पाहिला. कपाळापासून निघाला आणि गळ्यापर्यंत उतरत गेला, गाळणीतून पाणी जावं तसा.

"काय रे?" मी म्हणालो.

त्याने हात पुढे केला. टोपीखालच्या पत्र्यावर एक मोहरी चिकटलेली होती.

दादाने खोक्यातला दुसरा उचलला, व्हाइसमध्ये धरला, कानस चालवली. त्याची कानस कधी घसरत नसे. त्या दिवशी दोनदा घसरली. टोपी निघाली. आत दुसरी मोहरी.

"पण तू फोडून बघितला होतास!" मी म्हणालो. "आत नखाएवढी..."

"तो तेवढाच खरा होता," दादा म्हणाला. त्याचा आवाज इतका खाली गेला होता, की मला वाकावं लागलं. "मी कुठला उचलणार ते त्याला माहीत होतं. अख्ख्या बाजाराला मीच सांगत फिरलो."

मला ते खोकं आठवलं, ती फुंकर, आणि तो अलगद फिरवलेला कोपरा. अंगावर काटा आला तो आजतागायत बसलेला नाही. हात लावून बघा हवं तर.

तेवढ्यात ताई म्हणाली, "हे खाणीचंच ना? आज सकाळी गेलं तेच?"

दादाने मान डोलावली.

"ह्यांची आज तळाशी पाळी आहे," ताई म्हणाली.

दादाने फोनवर झडप घातली. खाणीच्या ऑफिसात घंटी वाजत राहिली. जेवणाच्या वेळेला त्या ऑफिसात टेबलाखुर्च्यांशिवाय कुणी नसायचं. तो नुसता कानाला फोन लावून उभा, आणि त्या घंटीचा आवाज आम्हा तिघांना ऐकू येतोय. जिथे वाजायला हवं तिथे वाजणार नव्हतं, आणि इथे नको ते वाजत होतं.

मी स्कूटर काढली. मागे बघतो तर ताई आधीच बसलेली. पायांत चपला नव्हत्या.

आता त्या स्कूटरबद्दल मी पूर्वी बरंच काही सांगितलं आहे. ती इतकी धावली की माझी सावली मागे राहिली आणि संध्याकाळी दमून घरी आली, वगैरे. ते सोडा. खरं सांगायचं तर चढावर ती माझ्या धापेनेच चालली होती. आणि सबंध रस्ताभर आम्ही दोघं एकच काम करत होतो: कान देऊन होतो. डोंगरापलीकडून दोनच आवाज येऊ शकत होते. आधी भोंगा आला, तर सगळं ठीक, आपण उगाच घाबरलो, परत जाऊन डबा खायचा. आणि आधी दुसरा आला, तर...

रस्त्यात एका ट्रकचं टायर फुटलं. त्या क्षणी ताईची बोटं माझ्या खांद्यात अशी रुतली की मला वाटलं झालं, संपलं. मी स्कूटर थांबवली. पुढे ट्रकवाला खाली उतरून चाकाला लाथ मारत होता.

"चल," ताई म्हणाली. एवढंच. वाटेत ती बोलली तो एकच शब्द.

आयुष्यभर मी लोकांची खरखर, शिट्टी, गोंगाट काढून देण्याचे पैसे घेतले. त्या दिवशी मी देवाकडे गोंगाट मागत होतो. वाजू दे, म्हटलं. वाईट वाजू दे, फाटका वाजू दे, पण वाजू दे.

काहीच वाजलं नाही. इतकं छान ऊन पडलं होतं, रस्त्याकडेच्या तारेवर एक पक्षी बसला होता, आणि सगळीकडे शांत. मला अशी शांतता त्यानंतर सोसत नाही. घरी पंखा बंद असला तर मी नळ थोडा गळता ठेवतो.

फाटकावरचा पहारेकरी जेवत होता. त्याने तोंडातला घास गिळेपर्यंत आम्ही आत. फाटकाला लागून ॲम्प्लिफायरची खोली. तिचं दार उघडलं आणि पहिल्यांदा आला तो वास. तुम्हाला ठाऊक नसेल, सूनबाईला ठाऊक आहे. जळक्या माशासारखा, पण त्यात गोडसर काहीतरी. ॲम्प्लिफायरच्या फटींतून धुराची एक बारीक दोरी सरळ वर चालली होती. आणि वर भिंतीवर लाल दिवा.

लागलेला.

म्हणजे पलीकडे त्या क्षणी सुरुंगवाल्याने बटण दाबून धरलेलं होतं. भोंगा चालू होता. फक्त त्याला आवाज नव्हता.

दिवा विझला. हा पहिला भोंगा होता की दुसरा? की तिसरा? वाजलेला भोंगा मोजता येतो. मुका भोंगा कसा मोजणार?

त्या खोलीला खाणीच्या बाजूने खिडकी होती. खाली पाहिलं. तळाशी, ज्या भिंतीत सुरुंग भरलेले त्याच भिंतीच्या सावलीला, माणसं जेवायला बसली होती. गोल करून. एक जण हात हलवून काहीतरी सांगत होता आणि बाकीचे हसत होते. हसण्याचा आवाज वरपर्यंत येत नव्हता. थोडं बाजूला एक जण पाठ टेकून, तोंडावर पिवळा रुमाल टाकून आडवा झाला होता. पिवळा रुमाल भावोजींचा. ताईनेच कडा शिवलेला.

सुरुंगवाल्याकडे धावत जायचं तर अख्ख्या खाणीला वळसा. खाली उतरायचं तर नागमोडी वाट, आणि खाली पोचणारा खालच्यांबरोबरच राहिला असता. हातात काय, तर एक पेचकस.

मी ताईला म्हटलं, "तू इथेच थांब. बाहेर उभी राहा. मी बघतो." ती बाहेर गेली.

"मग बाहेर सासूबाई काय करत होत्या?" सून हळूच म्हणाली. तिच्या हातातला पेचकस मघापासून तसाच वर धरलेला होता.

ताईचं काय, ती बाहेर उभी होती. इकडे मी ॲम्प्लिफायरचं झाकण उपटलं. आत सगळे ट्रान्झिस्टर मेलेले, एकाची टोपी तर छताला जाऊन चिकटलेली. सोल्डर तापवायला वेळ नाही. दिवा पुन्हा लागला! म्हणजे पुन्हा एक भोंगा मुका चालला. मी म्हटलं, आता विचार करशील तर बहिणीचं कुंकू पुसशील. मेलेला ट्रान्झिस्टर उपटून फेकला, खिशात हात घातला, खिशातला अस्सल ट्रान्झिस्टर काढला आणि त्याचे दोन्ही पाय तसेच उघड्या तारांवर दाबून धरले. एक पाय उजव्या अंगठ्याने, दुसरा डाव्या. वीज बोटांतून शिरली, दंडातून छातीत, छातीतून पुन्हा दुसऱ्या दंडात. दात असे वाजायला लागले की दोन दाढांचं चांदीचं भरण वितळून गिळलं गेलं. पण मी सोडलं नाही. आणि सूनबाई, तो भोंगा वाजला!

काय वाजला! डोंगर हलला. फाटकावरच्या पहारेकऱ्याचा डबा उलटला. खालची माणसं तटकन उठली, वर पाहिलं आणि पळत सुटली. भावोजींच्या तोंडावरचा रुमाल उडाला, तेही पळाले, सगळ्यांच्या शेवटी, अनवाणी, पाण्याची बाटली बगलेत. शेवटचा माणूस वळणाच्या आडोशाला गेला आणि भिंत उभीच्या उभी फुगली. अशी फुगली, जसं कुणी दगडाच्या आत श्वास घेतला. मग आवाज आला. धूळ बसली तेव्हा जिथे गोल करून बसले होते तिथे घराएवढाल्या शिळा होत्या, आणि एका शिळेखालून पिवळ्या रुमालाचं टोक बाहेर आलेलं होतं. खोलीच्या खिडकीतून मला ते टोक दिसलं आणि क्षणभर मला वाटलं...

मी थांबलो. इथे मी नेहमीच थांबतो. पाणी प्यायला.

सून टक लावून माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला वाटलं, जिंकली बाजी. तेवढ्यात तिच्या कपाळाला एक आठी पडली.

"मामा, खिशातला अस्सल आला कुठून?"

"कुठून म्हणजे? त्याच खोक्यातला. मी जपून ठेवला होता."

"त्या खोक्यात अस्सल एकच होता. कोपऱ्यातला पहिला. आणि तो थोरल्या मामांनी गोडबोल्याच्या दुकानातच कानशीने फोडला."

मी पुन्हा पाण्याचा पेला उचलला. त्यात पाणी नव्हतं.

"उरले ते दोनही फोडले. तुम्हीच सांगितलंत. आणि जळलेल्या यंत्रात एक घालून काय होतं, मामा? खोटं आहे हे. तुमच्या खिशात काहीच नव्हतं. तो भोंगा वाजलाच नाही."

आतल्या खोलीत भावोजींचा टीव्ही लागलेला होता, कानाला दडे बसलेल्या माणसाला ऐकू येईल इतका मोठा. वाटाण्यांचा वाडगा बाजूला ठेवल्याचा आवाज आला.

"थंड पाणी म्हणे," ताई म्हणाली.

सून तिच्याकडे वळली.

"हा आत त्या जळक्या डब्यापुढे नुसता थरथरत बसला होता. पेचकससुद्धा धरता येईना. मी कड्यावर जाऊन 'अहो' म्हणून ओरडले. एकदा नाही, घसा फाटेपर्यंत. रक्त आलं तरी ओरडत होते. खाली जेवढे नवरे होते तेवढे सगळे वर बघायला लागले, तेव्हा मी हातवारे करून पळा म्हटलं." तो कापड फाटल्यासारखा आवाज तिने पुन्हा गोळा केला. "भोंगा कसला, खोटारड्या. भोंगा मी होते."